गळ टाकावा, मासा सोडू नये

लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यालगत वृंदावन योजना ही मोठी वसाहत आहे. उत्तर प्रदेशच्या आवास विकास परिषदेने वसवलेली, गल्लीबोळांऐवजी सेक्टरच्या आकड्यांनी ओळखली जाणारी. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि आसपास डोंगराचा मागमूसही नाही. तरीही हिमालयातील ओढ्यांत कोणता मासा असावा, या प्रश्नाशी या वसाहतीचा दोन धाग्यांनी संबंध जुळतो.

पहिला धागा पाण्याचा. तेलीबागेकडून जाणाऱ्या शारदा कालव्याचे पाणी नेपाळच्या सीमेवर, बनबसा येथे नदीतून वळवलेले आहे. हा कालवा १९२८ मध्ये सुरू झाला. त्या नदीला डोंगरात महाकाली म्हणतात. पंचेश्वर येथे तिला सरयू मिळते, आणि त्या संगमावर सोनेरी महसीर गळाला लावण्यासाठी देशोदेशींचे हौशी लोक येत आले आहेत. दुसरा धागा विज्ञानाचा. वसाहतीपासून थोड्याच अंतरावर, कॅनॉल रिंग रोडवर, भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था आहे. १९८३ मध्ये ती अलाहाबादेत स्थापन झाली आणि पुढे लखनौला आली. देशातील माशांच्या आनुवंशिक संपत्तीची नोंद ठेवणे, ती जपणे आणि देशी-परदेशी माशांच्या जनुकसंपत्तीचे मूल्यमापन करणे, ही तिची कामे. सुटीच्या दिवशी वसाहतीतील कुटुंबे मुलांना घेऊन तिच्या आवारातील मत्स्यालय पाहायला जातात. काचेपलीकडे पोहणाऱ्या माशांच्या मागे एक वाद उभा आहे, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

तो वाद असा. शीतजल मत्स्यव्यवसायाच्या बातम्यांत अलीकडे ‘ट्राउट’ हा शब्द वारंवार येतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची घोषित गुंतवणूक २०,०५० कोटी रुपयांची आहे, आणि डोंगरी राज्यांत वाहत्या पाण्याच्या हौदांतून ट्राउट वाढवण्यास तिच्यातून साहाय्य मिळते. या बातम्यांच्या जोडीनेच येते ती पर्यटनाची भाषा : हिमालयातील नद्यांत ट्राउट आहे, गळ टाकायला या. हौदातला मासा आणि नदीतला मासा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत मात्र त्या एकाच वाक्यात नांदतात. हौदातला ट्राउट हा शेतीचा विषय आहे. नदीत सोडलेला ट्राउट हा परिसंस्थेत केलेला, सहसा परत न घेता येणारा बदल आहे. हौशी मासेमारीला विरोध करण्याचे कारण नाही. मासे सोडून नदी ‘समृद्ध’ करण्याच्या सवयीला मात्र ठाम विरोध व्हायला हवा.

आधी त्या हौसेची बाजू. तिच्यात जेवढे विज्ञान आहे तेवढे फार थोड्या खेळांत असेल.

साध्या गळाला शिशाचा तुकडा बांधलेला असतो. तो भिरकावला की त्याच्यामागून दोरी जाते. ‘फ्लाय फिशिंग’मध्ये हे उलटे होते. आकड्याला पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. हवा तिला जागीच अडवते. म्हणून फेकायची असते ती दोरीच. दोरी जाड, वजनदार आणि टोकाकडे निमुळती केलेली असते. काठी मागे-पुढे झुलवून एकदम थांबवली की दोरीत एक वळसा तयार होतो आणि तो पुढे सरकत जातो. पुढे जाताना हलणाऱ्या दोरीचे वस्तुमान कमी-कमी होत जाते, पण ऊर्जा एकदम नाहीशी होत नाही. त्यामुळे टोकाचा वेग टिकतो. आसूड कडाडतो तो याच तत्त्वाने. शेवटी हवेच्या रोधाने वेग सरतो आणि माशी पाण्यावर अलगद, खऱ्या किड्यासारखी टेकते.

पाण्याखालच्या बाजूलाही प्रकाशाचा नियम चालतोच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे माशाला वरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका शंकूत दिसते. त्या वर्तुळाबाहेर त्याला पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा भासतो. काठावर उभा असलेला माणूस वर्तुळाच्या कडेला, आक्रसलेला पण दिसेल असा येतो. म्हणून जाणता गळवाला वाकून, जवळजवळ रांगत काठाशी जातो. कोणत्या महिन्यात कोणता जलकीटक पाण्यातून पंख घेऊन बाहेर पडतो, हेही त्याला ठाऊक असावे लागते, कारण खोटी माशी त्याच किड्यासारखी बांधायची असते. यांतले कितीतरी किडे स्वच्छ, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातच जगतात. ओढा बिघडला की मासा जाण्याआधी किडे जातात, आणि ते सर्वांत आधी गळवाल्याच्या लक्षात येते. नदीकडे इतक्या बारकाईने पाहणारी दुसरी माणसे विरळाच. ही हौस बंद करणे म्हणजे नदीवरचा एक जागता पहारा उठवणे होय.

मग चूक कुठे झाली? चूक झाली ती हौसेसाठी मासाच बदलण्यात.

ब्रिटिश अधिकारी हिमालयात आणि निलगिरीत आले तेव्हा थंड ओढे त्यांना ओळखीचे वाटले, पण त्यांत ओळखीचा मासा नव्हता. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये निलगिरीसाठी ट्राउटची अंडी आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरमध्ये फ्रँक मिचेल याने मागवलेली अंडी १८९९ मध्ये वाटेतच नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र जगली आणि तपकिरी ट्राउट काश्मीरच्या पाण्यात स्थिरावला. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन याने इंद्रधनुषी ट्राउट आणला. १९०९ मध्ये ब्यासच्या खोऱ्यात, कुलूजवळ, ट्राउटचे बीज सोडले गेले. आज तीर्थन खोऱ्यात किंवा पहलगामला गळ टाकणारा पर्यटक ज्याला ‘हिमालयाचा मासा’ समजतो, त्याचे पूर्वज बोटीतून आणि खेचरांच्या पाठीवरून इथवर आलेले आहेत.

मासा मिळाला नाही तिथे नाव देऊन काम भागवले गेले. हिमालयातील असेला या माशाला इंग्रजांनी ‘स्नो ट्राउट’ म्हटले. प्रत्यक्षात तो ट्राउट नाहीच. रोहू-कटल्याच्या व्यापक कुळातला, स्किझोथोरॅक्स प्रजातीचा मासा आहे. त्याचा खालचा ओठ टणक असतो. दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणे हा त्याचा जन्माचा उद्योग. तो सावकाश वाढतो. तपकिरी ट्राउट मांसाहारी आहे : किडे खातो, मोठा झाला की लहान मासेही खातो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केलेल्या जगातील शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तपकिरी आणि इंद्रधनुषी हे दोन्ही ट्राउट आहेत. असेला त्याच संघाच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. ज्याच्या घरात पाहुणा उतरला तो घरमालक संकटात, आणि जाहिरात पाहुण्याची, असा हा प्रकार आहे.

इथे तापमानाचा हिशेब मांडायला हवा. समुद्रसपाटीच्या दाबाखाली १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; २० अंशांना ९.१, आणि ३० अंशांना ७.६. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून हे आकडे आणखी खाली येतात. उलट, पाणी तापले की शीतरक्ती माशाची प्राणवायूची गरज वाढते. दर दहा अंशांना ती स्थूलमानाने दुप्पट होते. म्हणजे तापत्या ओढ्यातला मासा दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडतो. पुरवठा घटतो, मागणी वाढते. ट्राउटला वीस अंशांच्या पुढे त्रास होऊ लागतो. असेल्यालाही थंडच पाणी हवे. हवामान तापत गेले की दोघांनाही एकच वाट उरते : वर, आणखी वर. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेल्याच्या भावी अधिवासाचे गणिती प्रतिमान मांडले आहे, आणि त्याचा निष्कर्ष हाच आहे की त्याची जागा खालून आक्रसत जाईल आणि तो उंचावरच्या पट्ट्यात दाबला जाईल. डोंगर वर निमुळता होत जातो, ओढेही. त्या अरुंद जागेत आधीच ट्राउट बसलेला असेल तर असेल्याने जायचे कुठे?

हा केवळ परदेशी माशाचा प्रश्न असता तर सोपा होता. ‘परक्याला हाकला’ ही घोषणा लोकप्रिय व्हायला वेळ लागत नाही. पण या विषयातला सर्वांत बोचरा धडा परदेशी माशाने शिकवलेला नाही. तो महाराष्ट्रातल्या माशाने शिकवला आहे.

कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी दख्खनभर हिंडला आणि १८३९ मध्ये त्याने इथल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. माशांना त्याने पुष्कळदा लोकांच्या तोंडची नावेच दिली : खुद्री, कोलस, मुसुल्ला, नुक्ता. लॅटिन नामावलीत मराठी उच्चार असे कायमचे जाऊन बसले. खुद्री हा महसीर त्याने पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पाण्यातून वर्णिला. आज त्या पाण्याची जी दशा आहे ती पुणेकरांना सांगायला नको. महसीरला लागते वाहते, निवळ, खडकाळ पाणी. ते गेले तसा मासाही गेला. जिथे तगला तिथे पुष्कळदा श्रद्धेच्या आडोशाने तगला. महाडजवळ वाळणकोंड येथे देवीच्या डोहातल्या महसीरांना कोणी हात लावत नाही, हे त्याचे ठळक उदाहरण.

या माशासाठी महाराष्ट्रात जे काम झाले ते अभिमानाचे आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला खुद्रीचे कृत्रिम प्रजनन साधले आणि त्याची अंडी, पिल्ले व वाढ यांचे वर्णन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात केले. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या वळवण तलावाकाठी मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. वीज कंपनीने स्वतःच्या धरणांच्या पाण्यात माशाची जात टिकवण्यासाठी दशकानुदशके खर्च करावा, ही गोष्ट या देशात आजही दुर्मीळ आहे. पुढे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने खुद्रीला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘किमान चिंता’ वर्गात ठेवले.

पण त्याच केंद्रातली बोटुकली इतर राज्यांनाही दिली गेली. काही कावेरीत पोहोचली. हेतू निर्मळ होता : महसीर कमी होत आहेत, महसीर सोडू या. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महसीर होता, कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन याने काबिनी नदीत गळाला लावलेला मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. तो विक्रम आजही सांगितला जातो. तिथे निळ्या परांचा खुद्री आला आणि वाढला.

पुढे काय झाले ते कळले ते कोणत्याही सरकारी पाहणीतून नव्हे. कावेरीकाठच्या गळवाल्यांच्या तळावरच्या वह्यांतून कळले. पकडायचा, मोजायचा आणि परत सोडायचा, असा तिथला रिवाज होता, आणि १९९८ ते २०१२ या काळात सुमारे २३,६०० तासांच्या मासेमारीत ६,१०० हून अधिक महसीरांची नोंद झाली. संशोधकांनी त्या वह्या उघडल्या तेव्हा दिसले ते असे : १९९८ मध्ये साधारण चार निळ्या परांच्या माशांमागे एक कुबडा महसीर मिळत होता; २०१२ मध्ये दोनशेहून अधिकांमागे एक. महसीरांची एकूण संख्या पाहणाऱ्याला नदी भरभराटीला आलेली दिसत होती. त्या भरभराटीच्या आत एक जात संपत होती.

आणि तिला धड नावही नव्हते. कित्येक वर्षे तिला ‘मुसुल्ला’ म्हणत, म्हणजे सायक्सने शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका अगदी वेगळ्या माशाला दिलेले नाव तिला चिकटवले गेले होते. २०१८ च्या जूनमध्ये आनुवंशिक आणि शारीरिक पुराव्यांवरून ती ‘टोर रेमादेवी’ असल्याचे निश्चित झाले आणि त्याच वर्षी तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. नाव नसल्यामुळे तोवर ती कोणत्याही यादीत नव्हती. यादीत नसल्यामुळे तिच्यासाठी कोणी काही करण्याचा प्रश्नच आला नाही. एका चुकीच्या मराठी नावाने आणि एका चांगल्या हेतूच्या मराठी माशाने कावेरीच्या महसीरला दोन्हीकडून घेरले, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. दोष लोणावळ्याच्या शास्त्रज्ञांचा नव्हे. त्या काळी माशांच्या जाती खोऱ्याखोऱ्याने तपासून पाहण्याची साधनेच नव्हती. आज ती आहेत. म्हणून आज तीच चूक केली तर तिला क्षमा नाही.

कायदा मात्र अजून त्या काळातच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तिच्यात प्रथमच ‘आक्रमक परकीय प्रजाती’ची व्याख्या आली, आणि अशा प्रजातींवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पाऊल स्वागतार्ह आहे. पण व्याख्या म्हणते : जी प्रजाती मूळची भारतातली नाही ती परकीय. या व्याख्येत हिमालयातला ट्राउट बसतो. कावेरीतला खुद्री बसत नाही, कारण तो भारतीयच आहे. माशाला पारपत्र नसते. त्याला नकाशावरच्या सीमा ठाऊक नसतात. खोऱ्याची सीमा तेवढी त्याला ठाऊक असते. कृष्णेच्या खोऱ्यातला मासा कावेरीला तेवढाच परका आहे जेवढा स्कॉटलंडचा मासा झेलमला. व्याख्येत ‘भारत’ या शब्दाच्या जागी ‘ते खोरे’ हे शब्द आले तर हजारो बोटुकल्यांचा प्रवास आपोआप थांबेल.

विरुद्ध बाजूचे तीन आक्षेप आहेत आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला : ट्राउट येऊन सव्वाशे वर्षे झाली. काश्मीरात, कुलूत तो आता लोकांच्या ताटात आणि पोटापाण्यात आहे. त्याला परका म्हणून काय साधणार? हे खरे आहे, आणि मोठ्या नद्यांतून त्याला काढणे शक्यही नाही. प्रश्न असलेल्या ट्राउटचा नाही, पुढे सोडल्या जाणाऱ्या ट्राउटचा आहे. ज्या ओढ्यांत तो अजून पोहोचलेला नाही, ज्या धबधब्यांनी त्याची वाट अडवलेली आहे, तिथे माणसाने त्याला खांद्यावरून नेऊन सोडू नये, एवढीच मागणी आहे. अमेरिकेत सिएरा नेवाडाच्या उंच, मूळच्या माशाविना असलेल्या तळ्यांत हौसेपोटी ट्राउट सोडला गेला आणि तिथले बेडूक नाहीसे होत गेले. प्रयोगादाखल काही तळ्यांतून ट्राउट काढला तेव्हा बेडूक परतले. छोट्या तळ्यात चूक सुधारता येते. नदीत येत नाही.

दुसरा : देशी माशांचा खरा शत्रू धरणे, वाळूउपसा, सुरुंग आणि ओढ्यात टाकली जाणारी ब्लीचिंग पावडर आहे, ट्राउटच्या मागे का लागता? शत्रू मोठे आहेत, हे मान्य. पण आजाऱ्याला मोठा रोग आहे म्हणून त्याच्या उशाशी लहान रोग आणून ठेवावा, असे कोणी म्हणत नाही. शिवाय मासे सोडणे हेच पुष्कळदा धरणाचे प्रायश्चित्त म्हणून पुढे केले जाते. प्रवाह तोडायचा आणि भरपाई म्हणून दरवर्षी बीज सोडल्याचे छायाचित्र छापायचे. ज्या पाण्यात मासा अंडी घालू शकत नाही त्या पाण्यात बोटुकली सोडणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे.

तिसरा : डोंगरातल्या गावांना उत्पन्न हवे. हवेच, आणि त्यासाठी हौदातला ट्राउट उपयोगी आहे. हौदाच्या दोन्ही तोंडांना पक्की जाळी असावी, पुराच्या रेषेच्या वर हौद असावेत, पळालेल्या माशांची नोंद व्हावी, एवढ्या अटी पुरेत. गळाच्या पर्यटनाचे उत्पन्नही ट्राउटवाचून अडत नाही. महाकाली-रामगंगेच्या पाण्यात लोक येतात ते सोनेरी महसीरसाठी, आणि महसीर खोट्या माशीलाही झडप घालतो. त्याची ओढ सांभाळण्यासाठी लागणारे बळ ट्राउटच्या कितीतरी पट. ज्या देशाच्या नद्यांत महसीर आहे त्याने गळाच्या खेळासाठी स्कॉटलंडकडे पाहावे, हे सवयीचे दास्य आहे.

तेव्हा करायचे काय? नव्या ओढ्यात ट्राउट सोडणे पूर्ण थांबावे. देशी मासाही सोडायचा असेल तर तो त्याच खोऱ्यातल्या जनकांचा असावा, आणि सोडण्याआधी त्याची आनुवंशिक तपासणी व्हावी. ही तपासणी करण्याचे ज्ञान लखनौच्या त्या संस्थेत आहे, आणि थंड पाण्याच्या माशांचा अभ्यास भीमतालच्या संस्थेत आहे. त्यांच्या होकाराशिवाय कोणत्याही मत्स्यबीज केंद्रातून नदीत एकही पिंप रिकामे होऊ नये. कोणते बीज, कोठून, किती आणि कोणत्या ओढ्यात, याची नोंदवही सर्वांना पाहता यावी. गळाचा परवाना द्यावा, पण प्रत्येक परवान्यासोबत नोंदीचे बंधन असावे : माशाची जात, लांबी, जागा, पाण्याचे तापमान, आणि शक्य तिथे एखादे खवले तपासणीसाठी. काट्याला दाढ नसावी, मासा पाण्याबाहेर काही सेकंदांपलीकडे राहू नये, आणि पाणी वीस अंशांच्या वर गेले की थंड पाण्याच्या ओढ्यांवरचे गळ त्या दिवसापुरते उचलले जावेत. २०१२ मध्ये अभयारण्यातली हौशी मासेमारी बंद झाली तेव्हा कावेरीकाठच्या त्या वह्याही बंद झाल्या, हे विसरता कामा नये. बंदीने माशाला किती संरक्षण मिळाले यावर वाद होऊ शकतो. नदीवरचे डोळे मात्र निश्चित मिटले.

या संस्थेने २००६ मध्ये एक सुंदर कल्पना पुढे आणली होती : जसा राज्यपक्षी, राज्यवृक्ष, तसा राज्यमासा. उत्तराखंडाने सोनेरी महसीर निवडला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर केला तो पापलेट. कोळीवाड्यांच्या दृष्टीने निवड रास्तच. पण इंद्रायणी, मुळा-मुठा, कृष्णा यांच्या वाट्याला त्यामुळे कोणताच चेहरा आला नाही, आणि ज्या माशाचे जागतिक नाव पुण्याच्या पाण्यावरून पडले त्याची ओळख बहुसंख्य मराठी मुलांना नाही.

वृंदावन योजनेजवळच्या त्या संस्थेत माशांचे शुक्रद्रव्य द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर साठवण्याच्या पद्धतींवर काम झाले आहे, आणि ज्या माशांसाठी ते झाले त्यांत मुळा-मुठेचा खुद्रीही आहे. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात पुण्याच्या माशाचा वंश गोठवून ठेवता येतो, ही विज्ञानाची थोरवी. तिची मर्यादाही तिथेच दिसते. माशाची अंडी आकाराने मोठी आणि पिवळ्या बलकाने भरलेली असल्यामुळे ती गोठवून पुन्हा जिवंत करण्याचे तंत्र अद्याप हाती आलेले नाही. गोठवता येतो तो अर्धाच वंश. उरलेला अर्धा, म्हणजे अंडी घालणारी मादी, नदीतच जिवंत असावी लागते. त्याच नदीत, त्याच खोऱ्यात, स्वतःच्या जातीच्या सोबतीने.

तेलीबागेचा कालवा संथ आणि गढूळ वाहतो. त्यात महसीर नाही, असेलाही नाही. पण ते पाणी जिथून येते तिथे दोघे अजून आहेत. तिथे कोणी काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिला, वाकून माशी टाकली, मासा मोजला आणि परत सोडला, तर नदीचे काही बिघडत नाही. उलट एक साक्षीदार वाढतो. बिघडते ते कोणी पिंप घेऊन काठावर आला की. गळ दिवसाला एका माशाला दुखवतो. पिंप एका दुपारी अख्ख्या जातीचे भवितव्य ठरवून जाते.